निरोप घेऊन सदरला

संध्याकाळचे साडेपाच. वर्ष 2024, मार्चचा पहिला आठवडा. नागपूरच्या जुन्या व्हीसीए क्रिकेट मैदानाजवळ तुम्ही चहासाठी उभे आहात आणि चहा हातात पडायला वेळ लागणार आहे, कारण आज इथं जमलेले अर्धेअधिक लोक चहाला आलेलेच नाहीत. ते डॉलीला बघायला आले आहेत.

फेब्रुवारी सरता सरता बिल गेट्स यांनी इन्स्टाग्रामवर एक छोटा व्हिडिओ टाकला. त्यात ते एका टपरीपुढं उभे राहून चहा मागतात, आणि गॉगल लावलेला एक माणूस दुधाची धार हवेतून भांड्यात सोडतो. व्हिडिओ हैदराबादला घेतलेला, माणूस मात्र सदर भागातल्या याच टपरीवरचा, डॉली. आपण चहा कुणाला पाजला हे नागपूरला परतल्यावर कळलं, असं त्यानं नंतर सांगितलं. ती धार, ते केस, पैसे परत करताना हाताला दिलेला तो झटका, हे सगळं तो त्याआधीही करतच होता. मैदानावर सरावाला येणारी पोरं, कोर्टकचेरीतले लोक, ट्यूशनहून सुटलेल्या मुली बघायच्या, हसायच्या, चहा प्यायच्या, जायच्या. मग खाण्यापिण्याचे व्हिडिओ करणारे आले. मग जग आलं.

"थोडं सरका ना भाऊ, फ्रेममधी येऊन राहिले तुम्ही," मागून एक पोरगा म्हणतो. तुम्ही सरकता. तरी त्याच्या व्हिडिओत तुमचा खांदा राहतोच. तो खांदा आज रात्री नाशकात, दुबईत, कुठंही कुणालाही दिसेल. तुम्ही घरी जाताना चहाला थांबलात हे तुमच्या घरी मात्र अजून कुणाला माहीत नाही.

ग्लास हातात येतो. गरम आहे. आजूबाजूला बरेच जण ग्लास धरून त्याचा फोटो काढताहेत, आणि त्यांच्या चहावर साय धरायला लागली आहे. तुम्ही तुमचा पिऊन टाका, आणि सदरच्या दिशेनं चालू लागा. रस्ता रोजचाच आहे. आज तो मागं जातो, एवढंच.

पहिल्या वळणावर माणसं नाहीशी होतात. एप्रिल 2021. तोंडावर दोन मास्क आहेत आणि चष्म्यावर वाफ धरते आहे. सदरची सगळी शटरं खाली. जिल्ह्यात दिवसाला कोरोनाचे सात हजारांवर नवे रुग्ण सापडताहेत. रेसिडेन्सी रोडवर उड्डाणपुलाच्या सावलीतून एक ॲम्ब्युलन्स जाते, तिचा भोंगा विरत नाही तोच दुसरीचा ऐकू येतो. या आवाजांच्या मधे कुठंतरी कोकीळ ओरडतो आहे. एरवी या रस्त्यावर तो कधी ऐकू आला असता?

तुमच्या हातातला फोन तापला आहे. ग्रुप दहावीच्या बॅचचा. एरवी त्यावर वाढदिवसाचे केक आणि सकाळचे सूर्योदय यायचे. आता एकच प्रकारचा निरोप येतो: पेशंट वय 54, ऑक्सिजन 81, बेड पाहिजे, कुठंही चालेल. तुम्ही या माणसाला ओळखत नाही. ग्रुपवर टाकणाराही ओळखत नाही. त्याला कुणीतरी पाठवलं, त्या कुणाला आणखी कुणी. तुम्ही दवाखान्यांच्या नंबरांची यादी उघडता. तीन बंद लागतात. चौथा उचलून म्हणतो, तासाभरापूर्वी होता. तुम्ही ग्रुपवर लिहिता: "4.10ला फोन केला, नाही." एवढ्या चार शब्दांची किंमत त्या दिवसांत फार होती, कारण त्यामुळं दुसऱ्या कुणाची तरी पाच मिनिटं वाचायची. पुण्यात बसलेली एक मुलगी, जी नागपूरला कधी आलेली नाही, नागपुरातल्या दवाखान्यांना एकामागून एक फोन लावते आहे आणि प्रत्येक नंबरापुढं वेळ घालते आहे. खोटे नंबरही फिरताहेत, ऑक्सिजनचे पैसे आधी घेऊन फोन बंद करणारेही आहेत, म्हणून तिनं वेळ घालायची पद्धत पाडली आहे. तिला हे कुणी शिकवलेलं नाही.

रात्री साडेअकराला निरोप येतो: "बेड नको आता. थँक्यू सगळ्यांना."

ग्रुपवर बराच वेळ कुणी काही लिहीत नाही. मग कुणीतरी पुढच्या पेशंटचं वय टाकतं.

समाजमाध्यमांबद्दल मला पुष्कळ तक्रारी आहेत, त्यातल्या काही पुढच्याच वळणावर येणार आहेत. पण त्या एप्रिलबद्दल मी एक वाकडा शब्द बोलणार नाही. ज्याचं तोंड कधी पाहिलं नाही अशा माणसासाठी रात्रभर फोन लावत बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

चालत राहा. सप्टेंबर 2019 भराभर मागं पडतो. चंद्रावर उतरता उतरता विक्रम लँडरशी संपर्क तुटला आहे आणि नागपूर शहर पोलिसांनी ट्विटरवर त्याला आर्जव केलं आहे की बाबा, उत्तर दे, सिग्नल तोडल्याबद्दल आम्ही तुझं चलान फाडणार नाही. देश हसतो, आणि हसताना त्याचे डोळे ओले आहेत. एका दुःखाला एका शहरानं इतक्या हळुवारपणे हात लावला, याचा आपल्याला तेव्हा अभिमान वाटला होता.

आणि मग पाऊस. जुलै 2018. डोक्यावरचा उड्डाणपूल नाहीसा झाला आहे. त्याच्या जागी पत्र्याचे बॅरिकेड, उघडे गज, चिखल. वाहनं एका पट्टीतून मुंगीसारखी सरकताहेत. फोन खिशात थरथरतो. घरच्या ग्रुपवर मावशीनं एक व्हिडिओ पाठवला आहे: दोन माणसं मोटारसायकलवरून येतात आणि रस्त्यावर खेळणारं मूल उचलून नेतात. खाली लिहिलं आहे की अशा टोळ्या आपल्या भागात आल्या आहेत, पोरं सांभाळा, सगळ्यांना पाठवा. मावशीचा हेतू चांगला आहे. तिच्या घरी दोन नातवंडं आहेत. तिनं हा व्हिडिओ पाठवला तो काळजीपोटी.

चौकात भगव्या कफनीतला एक म्हातारा भिक्षा मागत उभा आहे. तुमच्या शेजारची बाई मुलाला हाताशी ओढून घेते. कालपर्यंत ती असं करत नव्हती.

1 जुलैला, रविवारी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथं आठवडी बाजार होता. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथं भिक्षेसाठी आले होते. मुलं पळवणारे म्हणून जमावानं त्यांना घेरलं, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडलं आणि तिथंच ठेचून मारलं. मारहाण करताना लोकांच्या हातात फोन होते. व्हिडिओ आले. तेही पुढं पाठवले गेले.

इथं थोडं थांबा, पावसात भिजलात तरी. डवरी गोसावी, वासुदेव, नंदीबैलवाले, बहुरूपी, जोशी ही माणसं महाराष्ट्राच्या गावांतून पिढ्यानपिढ्या कशासाठी फिरत होती? भिक्षेसाठी, खरं आहे. पण त्यांच्या झोळीत धान्याबरोबर बातमी असायची. कुठल्या गावाला पाऊस झाला, कुठं पीक बुडालं, कुणाची लेक कुठं नांदते, कुणाचं म्हातारं गेलं, हे दारोदार पोचायचं ते यांच्या पायांनी. बातमी आणणारा माणूस समोर उभा असायचा. त्याला उलट विचारता यायचं, त्याचा चेहरा बघता यायचा, खोटं बोलला तर पुढच्या वर्षी त्याला त्याच दारात यायचं असायचं. मुलं चोरणाऱ्यांची बातमी आली तिला पाय नव्हते, चेहरा नव्हता, आणि तिला परत यायचं नव्हतं. तिनं मारलं ते नेमकं पायांनी बातमी नेणाऱ्यांना. मला हे आठवलं की आजही पोटात खड्डा पडतो.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवता येईल अशी मर्यादा आणायला सुरुवात केली. पाच. मृतांचा आकडाही तेवढाच होता.

पुढं चला. सप्टेंबर 2016: सिमकार्डाच्या दुकानापुढं आधार कार्डाच्या झेरॉक्स हातात घेतलेली रांग, जिओचं इंटरनेट वर्षअखेरपर्यंत फुकट. त्याच्या आधी एक जीबी महिनाभर पुरवायची असायची आणि व्हिडिओ उघडण्यापूर्वी माणूस विचार करायचा. त्या रांगेतून तुम्ही उलटे चालत जाता, आणि प्रत्येक पावलाला लोकांच्या माना थोड्या वर येतात. 2014 मध्ये घरचा ग्रुप नुकताच झाला आहे. आत्या पहिल्यांदा "गुड मॉर्निंग" पाठवते आणि सगळं घर तिचं कौतुक करतं. त्याच साली 30 सप्टेंबरला ऑर्कुट हे जुनं समाजमाध्यम बंद होतं. तुम्हाला कळतही नाही, कारण तुम्ही तिथून कधीचे उठून गेलेले असता.

लिबर्टी टॉकीजच्या आसपास, तळमजल्यावर, चप्पल बाहेर काढून सायबर कॅफेत शिरायचं. ऑक्टोबर 2006. प्लायवूडच्या फळ्या लावून पाडलेल्या खोल्या, प्रत्येकीत एक फुगीर मॉनिटर आणि की-बोर्डवर अक्षरं पुसलेली. कूलरचं पाणी, घाम आणि गरम प्लास्टिक यांचा मिळून एक वास. गल्ल्यावरचा दादा वहीत तुमचं नाव आणि वेळ लिहितो.

"तास का अर्धा?"

"अर्धा."

"चार नंबरवर बसा. माऊस अडकून राहिला तर आपटू नका."

चार नंबरवर तुम्ही ऑर्कुट उघडता. सर्व्हर बसला की इंग्रजीत एक लाडिक माफी येते आणि आज डोनट मिळणार नाही असं सांगते. सदरच्या बेकऱ्यांमधला प्लम केक आणि पॅटिस सोडून दुसरं काही न पाहिलेली आपली पोरं डोनट म्हणजे काय याची चर्चा करत बसतात. मग पान उघडतं. तीन नवे स्क्रॅप! शाळेतला एक मित्र, जो सातवीत वडिलांच्या बदलीमुळं भिलाईला गेला आणि हरवला, त्यानं लिहिलं आहे: "ओळखलं का बे?" रोमन अक्षरांत मराठी. तुम्ही खुर्चीत पुढं सरकता. त्याचा फोटो आहे, मिशी आहे, मागं कुठलीतरी नदी आहे. सात वर्षं जो माणूस जगात कुठंच नव्हता, तो इथं फळीच्या आड तुमच्यासमोर बसला आहे.

हा आनंद आज कुणाला समजावून सांगता येत नाही. आता कुणी हरवतच नाही, म्हणून सापडतही नाही.

ऑर्कुटवरच्या स्क्रॅपबुकाला दार नव्हतं. कुणी कुणाला काय लिहिलं ते कुणीही वाचायचं, पोस्टकार्डासारखं. तुम्ही शेजारच्या कॉलनीतल्या मुलीचं स्क्रॅपबुक उघडून वाचता, काही लिहीत नाही, बंद करता. याच वर्षी ऑर्कुटनं एक खिडकी काढली आहे: तुमच्या पानावर नुकतं कोण येऊन गेलं हे तिच्यात दिसतं. तुम्ही गेलात हे तिला आज कळणार आहे. कानशिलं तापतात. गेटसमोरून सायकल चारदा फिरवणाऱ्या पोराला आजवर जे संरक्षण होतं ते इथं संपलं, असं मला वाटतं. आणि बघणं व बघितलं जाणं यांचा व्यवहारही इथूनच सुरू झाला. डॉलीच्या टपरीवरची गर्दी ही त्याचीच पुढची पायरी.

पाच नंबरवर एक मुलगा मात्र ऑर्कुटवर नाही. त्यानं ईमेल उघडला आहे. तो खाली वाकून वाचतो आहे आणि त्याचा जबडा हलत नाही. त्याच्या वहीच्या कव्हरवर निळ्या शाईत अशोकचक्र काढलेलं आहे. तो न बोलता दादाला प्रिंट काढायला सांगतो.

29 सप्टेंबर 2006ला, नागपूरपासून फार लांब नसलेल्या भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. तीनच दिवसांनी, 2 ऑक्टोबरला, दसऱ्याला, दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तनाला पन्नास वर्षं पूर्ण झाली. देशभरातून लाखो लोक याच शहरात आले, वंदना केली, पुस्तकं घेतली आणि गाड्या पकडून परत गेले. खैरलांजीसाठी नागपूर पेटून रस्त्यावर उतरलं तेव्हा नोव्हेंबर उजाडला होता. सुरुवातीच्या बातम्यांत ते अनैतिक संबंधातून घडलेलं हत्याकांड म्हणून आलं होतं. खरं काय झालं ते कार्यकर्त्यांच्या अहवालांतून, तोंडातोंडी, झेरॉक्समधून आणि असल्याच फळीआडच्या संगणकांवरून ईमेलनं फिरत गेलं. एक माणूस वाचणार, प्रिंट काढणार, वस्तीत नेऊन देणार.

लाखो माणसं एका मैदानावर उभी होती आणि त्यांच्यातल्या बहुतेकांच्या खिशात बातमी पोचवणारं काही नव्हतं. राईनपाड्यात बातमी अति वेगानं पोचली म्हणून माणसं मेली. खैरलांजीत ती पोचली नाही म्हणून माणसं मेल्यावरसुद्धा महिनाभर मेलेलीच राहिली, त्यांच्यावर बदनामीचा थर चढत राहिला. या दोन्ही गोष्टी मी एकाच मनात ठेवून जगतो. एकीमुळं दुसरी हलकी होत नाही.

प्रिंटरचा कर्रकर्र आवाज येतो. दादा त्या मुलाकडून प्रिंटचे पैसे घेत नाही. तुमचा अर्धा तास संपला. उठा.

बाहेर पडता तेव्हा रस्ता रुंद वाटतो, कारण गाड्या कमी आहेत. वीस पावलांत दहा वर्षं सरतात. सायबर कॅफेच्या जागी एसटीडी-पीसीओची पिवळी पाटी लावलेलं खोकं आहे, काचेआड एक मनुष्य मीटरकडं बघत भराभर बोलतो आहे. सदर, तुम्हाला माहीतच आहे, इंग्रजी अमलातल्या सदर बाजारावरून पडलेलं नाव. पण मराठीत सदर म्हणजे वाड्याचा तो दर्शनी भाग, जिथं आल्यागेल्याला बसवतात, पाणी देतात आणि मग विचारतात, काय बातमी? आज मला तो दुसरा अर्थ जास्त जवळचा वाटतो.

पाय मात्र तुम्हाला सदरमध्ये राहू देत नाहीत. ते परत मैदानाकडं वळतात, जिथून निघालात तिथं. 26 नोव्हेंबर 1995. रविवार, दुपार. टपरी नाही. मैदान आहे, त्याची भिंत आहे, आतून गर्दीचा समुद्र गाजतो आहे. भारत आणि न्यूझीलंडचा एकदिवसीय सामना.

मधल्या सुट्टीत स्टँडची एक भिंत कोसळली आहे.

माणसं बाहेर धावत येताहेत, काहींच्या अंगावर सिमेंटची पांढरी धूळ, एकाच्या पायात एकच बूट. कुणी रिक्षा अडवतं, कुणी सायकलवर जखमीला बसवून धरून नेतं. काही माणसं जिवानिशी गेली आहेत, हे तुम्हाला 2024 मधून आलेल्यांना माहीत आहे. इथं अजून कुणालाच नीट माहीत नाही. आणि आत, थोड्या वेळानं, सामना पुढं सुरू होतो. स्टँडच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या हजारोंना काय झालं याचा पत्ता नाही. चौकाराला टाळ्या पडतात. त्या टाळ्या बाहेरच्या किंकाळीवरून जातात.

तुमचा हात खिशात जातो. खिसा रिकामा आहे. याच वर्षी 31 जुलैला देशातला पहिला मोबाइल कॉल कोलकात्याहून दिल्लीला लागला, 15 ऑगस्टला व्हीएसएनएलनं लोकांसाठी इंटरनेट खुलं केलं. नागपूरच्या या रस्त्यावर त्यातलं काहीही आलेलं नाही. घरोघरी फोनसुद्धा नाहीत. लोक अर्जात शेजाऱ्यांचा नंबर लिहितात आणि पुढं कंसात "पीपी".

गर्दीतून एक ओळखीचा चेहरा येतो. तुमच्याच गल्लीमागचा पोरगा, अठरा-एकोणीसचा. कपाळावर रक्त आहे, पण ते त्याचं नाही. त्यानं एका अनोळखी माणसाला खांद्यावर घेतलं आहे आणि तो रिक्षात चढतो आहे.

"मी ठीक आहो!" तो ओरडतो. "याला दवाखान्यात घेऊन जाऊन राहिलो. माझ्या आईला सांग ना. सांगशील ना? तिनं रेडिओ लावला असंल."

रिक्षा निघते.

आता तुम्ही धावताय. चपलेचा पट्टा निघतो, तुम्ही ती हातात घेता. वाटेत एक पानठेलेवाला विचारतो, "काय झालं भाऊ मैदानावर?" तुम्ही थांबत नाही, पण सांगता, जेवढं डोळ्यांनी पाहिलं तेवढंच: भिंत पडली, लोकं जखमी आहेत. आकडा सांगत नाही, कारण तुम्ही मोजला नाही. मागून तुमचे शब्द दुसऱ्याला सांगितलेले ऐकू येतात, आणि तो जसेच्या तसे सांगतो आहे की नाही हे बघायला तुम्ही एकदा मान वळवता. कोपऱ्यावर दोन बायका उभ्या आहेत, त्यांच्यापर्यंत काहीतरी आधीच पोचलं आहे. एक म्हणते, पूर्ण स्टेडियम बसलं म्हणतात. तुम्ही श्वास घ्यायला थांबून म्हणता, "नाही काकू, एक भिंत. मी तिथूनच येऊन राहिलो." ती तुमच्याकडं बघते, तुमच्या हातातल्या चपलेकडं, तुमच्या शर्टावरच्या धुळीकडं, आणि तिचा विश्वास बसतो.

गल्ली. तिसरं घर. लोखंडी फाटक, तुळस, वाळत घातलेली मुलाची पांढरी पँट. आतून रेडिओवर समालोचन चालू आहे, धावसंख्या सांगतात, भारताला अजून किती हव्यात ते सांगतात. दुसरं काही सांगत नाहीत.

तुम्ही कडी वाजवता.

"कोण आहे?" पदराला हात पुसत ती बाहेर येते. तुमचा अवतार बघून जागीच थांबते. तिच्या तोंडून शब्द फुटत नाही.

"काकू," तुम्ही म्हणता, "तो ठीक आहे. मी त्याला बघून आलो."